जॅकार्डची डिझाइनं आणि आरशातल्या दोन डिस्क: सोलापुरातल्या एका कारखान्याचं प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल-चादरींचा एक कारखाना. काही लूमवर इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड, म्हणजे कापडात नक्षी विणणारं यंत्र, बसवलेलं आहे. त्याला लागणारी सगळी डिझाइनं ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवर होती, तीही एकाच २ टीबीच्या डिस्कवर. त्याच डिस्कवर हिशेबाचा डेटा आणि ऑर्डरींचे स्कॅन केलेले कागद. सर्व्हर म्हणजे खरं तर साधा असेंबल केलेला पीसी. ऑपरेटिंग सिस्टीम छोट्या एसएसडीवर, डेटा वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि सगळ्यांना फोल्डर दिसावेत म्हणून सांबा.

तक्रार डिझायनरकडून माझ्याकडे आली. एक फोल्डर उघडला की मशीन अर्धा मिनिट अडकायचं, मग पुन्हा नीट चालायचं. नेटवर्क स्लो आहे, स्विच बदला, असं त्याचं म्हणणं. कर्नलचा लॉग पाहिल्यावर स्विचचा प्रश्नच उरला नाही. डेटा डिस्कच्या नावानं इनपुट-आउटपुट एररच्या ओळी होत्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते (स्मार्ट), त्या स्मार्टसीटीएलनं पाहिल्या, तर १९७ नंबरचा आकडा, म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर, ८ वर होता. हा ८ म्हणजे ५१२ बाइटांचे आठ तुकडे. आजकालच्या डिस्कवर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ४ केबीचा एकच फिजिकल सेक्टर वाचता येईना, एवढाच. १९९ नंबर, म्हणजे सीआरसी एररचा आकडा, शून्य होता. तो वाढलेला असता तर आधी केबलवर संशय घेतला असता. इथे दुखणं डिस्कचंच होतं.

बॉक्स उघडला तेव्हा कारणाचा अंदाजही आला. पुढच्या जाळीवर आणि फॅनच्या पात्यांवर सुताच्या तुसाचा थर बसला होता. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी पार करणारा, ऑफिसातला एसी संध्याकाळी मालक निघाले की बंद आणि हवा घ्यायची वाट तुसानं बुजलेली. अशा पेटीत कुठलीही डिस्क लवकरच म्हातारी होणार.

ठरलं ते असं: दोन नव्या डिस्क घ्यायच्या, त्यांचं रेड-१ म्हणजे मिरर (दोन्हींवर तोच डेटा) करायचं आणि डेटा तिकडे हलवायचा.

मालकांना कारखान्यात सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी लगेच हिशेब मांडला. "एकच नवी घ्या की. जुनी चालतीय की अजून. तिलाच जोडा आरशाला."

हे म्हणणं सरसकट चुकीचं नाही. मिररमध्ये एका डिस्कवरचा सेक्टर वाचता आला नाही, तर लिनक्समधला रेड सांभाळणारा एमडी ड्रायव्हर तो तुकडा दुसरीवरून वाचतो आणि पहिलीवर परत लिहितो. लिहिताना डिस्क तो सेक्टर एक तर सुधारते, नाही तर राखीव जागेतला दुसरा देते. म्हणजे जुनी डिस्क जोडली असती तर सुरुवातीच्या सिंकमध्येच, म्हणजे दोन्ही डिस्क सारख्या करतानाच, ती पूर्ण लिहिली गेली असती, आणि तो ८ चा आकडा कदाचित शून्यावरही आला असता. पण आकडा शून्य झाला म्हणजे तब्येत सुधारली असं होत नाही. मिरर ज्या दिवसासाठी करायचा, तो दिवस म्हणजे एक डिस्क मेल्यानंतरचा. त्या दिवशी सगळा भार उरलेल्या एकीवर येतो, आणि ती एक जर ही असली तर? शिवाय जुनी डिस्क मिररमध्ये घालायची म्हणजे तिच्यावरचा डेटा पुसायचा. नवा मिरर काही आठवडे नीट चालेपर्यंत ती जशीच्या तशी कपाटात राहणं जास्त मोलाचं होतं. हा दुसरा मुद्दा अण्णांना पटला. पहिला पटला की नाही, सांगता येत नाही.

दोन डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच बॅचच्या घ्यायच्या नाहीत हाही आग्रह होता. एकाच दिवशी बनलेल्या, एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच पेटीत तितकंच तापलेल्या दोन डिस्क थोड्याच अंतरानं जाण्याची शक्यता उगीच कशाला वाढवायची. दुकानदाराला एसएमआर प्रकारची डिस्क नको, सीएमआर हवी, हेही स्पष्ट सांगितलं. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग मोठं लिखाण सुरू झालं की वेग फार पडतो, आणि रिबिल्ड (नव्या डिस्कवर सगळं पुन्हा उतरवणं) म्हणजे नेमकं तेच. एक डिस्क सोलापुरात लगेच मिळाली. दुसऱ्या कंपनीची पुण्याहून यायची होती.

बिघडलेल्या डिस्कवर थांबून राहण्यात अर्थ नव्हता. म्हणून मिरर एका पायावर उभा करायचं ठरलं.

(पुढच्या कमांड बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना त्या अर्थातच रोमनमध्ये आणि ॲडमिनच्या हक्कांसाठी सुडो लावून.)

लिनक्सवर रेड बनवायचं टूल म्हणजे एमडीएडीएम, आणि त्यात याची सोय आहे. मिरर बनवताना दुसऱ्या डिस्कच्या जागी सरळ 'मिसिंग' हा शब्द लिहायचा:

एमडीएडीएम --क्रिएट /डेव्ह/एमडी० --लेव्हल=१ --रेड-डिव्हायसेस=२ /डेव्ह/एसडीसी१ मिसिंग

ॲरे (एकत्र जोडलेल्या डिस्कचा संच) दोन डिस्कचा आहे पण एक अजून आलेली नाही, असं त्याला आधीच सांगून ठेवलेलं. मग फाइल सिस्टीम घाला, डेटा आणा, वापर सुरू करा. दुसरी आली की जोडा. बरेच जण आधी साधी डिस्क वापरायला घेतात आणि नंतर तिचा मिरर कसा करायचा म्हणून अडतात. त्यापेक्षा हा रस्ता कितीतरी सरळ.

या एका ओळीच्या आधीचं काम मात्र जास्त वेळखाऊ होतं. कुठली डिस्क कुठली, हे पक्कं करणं.

एसडीए, एसडीबी, एसडीसी ही नावं कायमची नसतात. मशीन चालू होताना डिस्क ज्या क्रमानं सापडतील, त्या क्रमानं अक्षरं वाटली जातात. इथेही तसंच झालं. जुनी डेटा डिस्क आधी एसडीबी होती. नवी डिस्क मोकळ्या सॅटा पोर्टला लावून मशीन चालू केलं, तर नवी एसडीबी झाली आणि जुनी एसडीसी. पुढच्या वेळी बूट केलं तेव्हा पुन्हा उलट. आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवलेली कमांड दुसऱ्या दिवशी डोळे मिटून मारली असती, तर सगळी डिझाइनं त्याच डिस्कवर पुसली गेली असती. म्हणून आधी सिरीयल नंबर. प्रत्येक डिस्कच्या लेबलवरचे शेवटचे चार अंक मास्किंग टेपवर मार्करनं लिहून ती टेप कनेक्टरच्या बाजूला चिकटवली, म्हणजे डिस्क खाचेत बसलेली असतानाही दिसेल. मग एलएसबीएलके कमांडला नाव, साइज आणि सिरीयल दाखवायला सांगून अक्षराशी जुळवून घेतलं. प्रत्यक्ष कमांडमध्ये अक्षर न वापरता /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी खालचं लांबलचक नाव वापरलं. त्यात मॉडेल आणि सिरीयल दोन्ही असतात. वर उदाहरण सुटसुटीत दिसावं म्हणून एसडीसी१ लिहिलंय, इतकंच.

दुसरी सावधगिरी कमांड मारल्यानंतरची. एमडीएडीएम इथे दोन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतं, आणि दोन्हींच्या शेवटी एकच प्रश्न येतो: ॲरे बनवणं चालू ठेवू का? पहिली सूचना अशी, की या ॲरेचा मेटाडेटा, म्हणजे त्याची स्वतःबद्दलची नोंद, डिस्कच्या सुरुवातीला आहे, त्यामुळे बूट करायला तो योग्य नसेल. डेटाच्या ॲरेसाठी ती निरुपद्रवी आहे. होय म्हणून पुढे जायचं. दुसरी सूचना अशी, की या पार्टिशनवर आधीच फाइल सिस्टीम दिसते आहे, तिचा आकार अमुक, शेवटचा बदल अमुक तारखेला. कोऱ्या डिस्कवर ही दिसायलाच नको. दिसली तर हात कीबोर्डवरून काढायचा आणि सिरीयल नंबर पुन्हा पाहायचा. अडचण एवढीच, की पहिलीला होय म्हणायची सवय लागलेला माणूस दुसरीलाही त्याच झटक्यात होय म्हणतो. डिझायनर शेजारी बसून शिकत होता, त्याला सांगितलं: प्रश्न वाचू नकोस, प्रश्नाच्या वरची ओळ वाच.

पूर्ण डिस्क न देता पार्टिशन का दिलं, हेही त्यानं विचारलं. दोन कारणं. एमडीएडीएमचा नेहमीचा मेटाडेटा १.२ प्रकारचा, तो सुरुवातीपासून ४ केबीवर बसतो. जीपीटी पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे सुरू होतात, कुठे संपतात त्याचा तक्ता) पहिल्या १७ केबीत असतं. पूर्ण डिस्क ॲरेला दिली आणि एखाद्या मदरबोर्डला वाटलं की इथलं पार्टिशन टेबल बिघडलंय, तर तो ते 'दुरुस्त' करायला जातो आणि ॲरेच्या मेटाडेटावरच लिहितो. असं घडलेलं आहे. दुसरं कारण आकाराचं. २ टीबीच्या डिस्कमध्ये साधारणपणे ३,९०७,०२९,१६८ सेक्टर असतात, पण कंपनी बदलली की एखादी डिस्क जरा लहान निघू शकते, आणि जागा जरा जरी कमी पडली तर एमडीएडीएम ती मिररमध्ये घेत नाही. म्हणून पार्टिशन शेवटाच्या १०० एमबी आधीच संपवलं. तेवढ्या जागेत काही डिझाइनं बसली असती, हे खरं. पण चार वर्षांनी जी डिस्क मिळेल ती चालणार आहे.

ॲरे बनला. ॲरेची स्थिती दाखवणारी /प्रॉक/एमडीस्टॅट फाइल उघडली, तर [२/१] आणि शेजारी [यू_] दिसलं. यू म्हणजे डिस्क चालू, आडवी रेघ म्हणजे जागा रिकामी. वर ईएक्सटी४ फाइल सिस्टीम घातली, आणि सुट्टीच्या दिवशी सांबा बंद करून, जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करून, आरसिंकनं डेटा हलवला. दोन फायली आल्या नाहीत. एक जुनं स्कॅन होतं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. दुसरं चालू ऑर्डरीच्या टॉवेल बॉर्डरचं डिझाइन. तिथे जॅकार्डच्या पद्धतीनंच वाचवलं: लूमच्या कंट्रोलरला डिझाइन पेनड्राइव्हवरून दिलं जातं, आणि तो पेनड्राइव्ह लूमपाशीच एका हुकाला लटकत होता. सर्व्हरचा बॅकअप नव्हता, तुसानं माखलेला पेनड्राइव्ह होता.

पुण्याची डिस्क आली. पहिलीचं पार्टिशन टेबल दुसरीवर उतरवायला एसजीडिस्क वापरलं, आणि या टूलबद्दल एक गोष्ट ठळक लिहून ठेवायला हवी. त्यातल्या 'आर' या पर्यायाला लागून जे नाव येतं ती नवी, म्हणजे लिहिली जाणारी डिस्क. शेवटी येतं ते मूळ. कॉपी करताना आधी 'कुठून' आणि मग 'कुठे' लिहायची बोटांना सवय असते, इथे ते नेमकं उलट आहे. उलटं टाइप झालं तर कोरं टेबल डेटाच्या डिस्कवर जातं. उतरवून झाल्यावर 'जी' पर्यायानं नव्या डिस्कचे आयडी बदलून घ्यायचे, नाही तर दोन्ही डिस्क एकाच ओळखीनं वावरतात.

मग फक्त: एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --ॲड, आणि पुढे नव्या पार्टिशनचं नाव. एमडीस्टॅटमध्ये रिकव्हरीची पट्टी सरकू लागली.

"डेटा तर अर्धीच डिस्क आहे, मग एवढा वेळ का?" असं अकाउंट्सच्या मॅडमनी विचारलं. कारण एमडीला फायली दिसतच नाहीत. त्याच्या दृष्टीनं ते नुसते ब्लॉक, भरलेले असोत वा रिकामे, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवतो. सरासरी सेकंदाला १५० एमबी धरले तरी २ टीबीला पावणेचार तास. डिस्कच्या आतल्या ट्रॅककडे जाताना वेग उतरतो, म्हणून जास्तच धरायचे. शिवाय लोक काम करत असतील तर एमडी मागे सरतो: वेगाची वरची मर्यादा सेकंदाला २,००,००० केबी असली तरी गर्दीत तो किमान १,००० केबीवरही समाधान मानतो. म्हणून काम संध्याकाळी लावलं.

त्याच संध्याकाळी लाइट गेली. यूपीएस सर्व्हरला किती वेळ पुरेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मशीन रीतसर बंद केलं. लाइट आल्यावर चालू केलं, तर रिकव्हरी शून्यावरून न लागता जिथे थांबली होती तिथून पुढे लागली. १.२ मेटाडेटात ती खूण ठेवलेली असते. अण्णांना हे फार आवडलं. सगळ्या प्रकरणात तंत्राचं कौतुक त्यांनी केलं ते इथेच.

सकाळी [२/२] [यूयू].

इथे बरेच जण थांबतात. पण दोन छोटी कामं बाकी होती. ॲरेची ओळख एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये लिहायची आणि इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टीम) पुन्हा बनवायचं. नाही तर पुढच्या बूटला हाच ॲरे एमडी० ऐवजी एमडी१२७ म्हणून उगवतो आणि त्या नावावर काही अवलंबून असेल तर ते बोंबलतं. डिटेल-स्कॅनचं आउटपुट त्या फाइलमध्ये घालताना दोन बाण (>>) वापरायचे. एक वापरला तर फाइलमधलं आधीचं सगळं पुसलं जातं. काय कुठे माउंट करायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये यूयूआयडी (फाइल सिस्टीमची कायमची ओळख) लिहिली आणि सोबत नोफेल, म्हणजे उद्या ॲरे आलाच नाही तरी मशीन निदान उठेल आणि बाहेरून लॉगिन करता येईल.

त्यानंतरची परीक्षा अण्णांसमोर घेतली. मशीन बंद करून एका डिस्कची केबल काढली आणि पुन्हा चालू केलं. थोडं थांबून ॲरे एका डिस्कवर उभा राहिला, डिझायनरनं फायली उघडल्या, एक नवी सेव्ह केली. परत बंद, केबल जागेवर, चालू, आणि री-ॲड. सिंक बघता बघता संपला, कारण या ॲरेवर राइट-इंटेंट बिटमॅप होता. मधल्या काळात कुठले भाग बदलले याची ती नोंद, आणि तेवढेच भाग उतरवले जातात. लाइटीचे खेळ असलेल्या गावात तर हा बिटमॅप हवाच. मग दुसऱ्या डिस्कची पाळी. मधला सिंक पूर्ण होऊ देणं मात्र सक्तीचं. आधी एकीवर आणि लगेच दुसरीवर एकेकटं बूट केलं, तर प्रत्येकीच्या मते दुसरी मेलेली असते, दोघींवर वेगवेगळं लिखाण झालेलं असतं, आणि मग खरी कुठली हे माणसाला ठरवावं लागतं.

डिस्क गेली हे कळणार कसं, हा प्रश्न मला मिरर बनवण्यापेक्षा मोठा वाटतो. मिररचा गुणच असा की एक डिस्क गेली तरी कुणाला जाणवत नाही; मग दुसरी जाते आणि तेव्हा सगळ्यांना जाणवतं. एमडीएडीएमचा मॉनिटर मेल पाठवतो, पण मेल जातो रूटच्या मेलबॉक्समध्ये आणि तो कुणीही उघडत नाही. बीप ठेवावा, तर लूमच्या खडखडाटात ऐकणार कोण. म्हणून कॉन्फ फाइलमधल्या 'प्रोग्राम' या ओळीत एक चार ओळींची स्क्रिप्ट दिली. काही घडलं की ती डिझाइनच्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर 'डिस्क गेली अण्णांना सांगा' नावाची फाइल तयार करते. तो फोल्डर दिवसातून पन्नास वेळा उघडला जातो. मॉनिटरला टेस्ट आणि वनशॉट हे पर्याय देऊन खोटा इशारा पाठवून पाहिला. पाच मिनिटांत अण्णांचा फोन. "सर, डिस्क गेली म्हणतंय की!"

मदरबोर्डच्या बायॉसमधलं रेड का नाही वापरलं, असं दुकानदारानंही विचारलं होतं. मोठ्या सर्व्हरमधली वेगळी रेड कार्डं आपल्या जागी चांगली आहेत. पण या पेटीचा बोर्ड जळाला तर त्याच जातीचा दुसरा सोलापुरात कुठे शोधायचा? एमडीचा मिरर कुठल्याही लिनक्स मशीनला लावला की असेंबल होतो. एवढ्या कारखान्याला एवढं कारण पुरे.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे अण्णांना बिलबुकावरून सांगितलं: कार्बन ठेवून लिहिलं की वरच्या पानावरची चूक खालच्या पानावरही तशीच उमटते. ते पटलं तेव्हा नुसती मान हलवली. पण पुढच्याच आठवड्यात डिझायनरकडून एका पार्टीचा अख्खा फोल्डर उडाला आणि दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडाला. कपाटातली जुनी डिस्क आजारी खरी, पण हा फोल्डर तिनं निमूट वाचून दिला. त्यानंतर दोन यूएसबी डिस्क आल्या. एक ऑफिसात, एक मॅडमच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल.

महिन्याच्या पहिल्या रविवारी डेबियनची (सर्व्हरवरच्या लिनक्सची) ठरलेली तपासणी दोन्ही डिस्क पूर्ण वाचून ताडून बघते, ती चालू ठेवली आहे. फॅनची जाळी साफ करायचं काम वॉचमनकडे दिलंय आणि तो ते इमानेइतबारे करतो. स्मार्टमध्ये आता तापमान आधीपेक्षा बरंच खाली दिसतं.

ऑपरेटिंग सिस्टीमची एसएसडी अजून एकटीच आहे. तिचा मिरर करायचा तर यूईएफआयचं पार्टिशन, म्हणजे ज्यावरून बोर्ड मशीन बूट करतो तो भाग, आडवं येतं. बोर्डाला एमडी कळत नाही, त्यामुळे ते पार्टिशन दोन्हीकडे वेगवेगळं ठेवून हातानं सारखं ठेवावं लागेल, किंवा ज्याचा मेटाडेटा शेवटी बसतो असा १.० प्रकार वापरावा लागेल. मला पहिला रस्ता बरा वाटतो. अण्णा म्हणतात, गड्ड्याची जत्रा होऊ द्या, मग बघू.